डोळ्याचं स्कॅन मेडिक्लेममध्ये बसतं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) तपासण्यांबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यानंतर पुण्यातून आणि आजूबाजूच्या भागातून भरपूर प्रश्न आले आणि बहुतेकांची तक्रार एकच आहे, डॉक्टरांनी डोळ्याचं स्कॅन सांगितलं, आम्ही पैसे भरले, आणि मेडिक्लेमवाले म्हणतात बसत नाही. बरीच वर्षं डोळ्यांच्या हॉस्पिटलात टीपीए डेस्कवर (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) काम केल्यामुळे मला ह्या फाइली आतून बघायला मिळाल्यात, त्यामुळे निवडक प्रश्न सविस्तर घेते. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नुसत्या स्कॅनला कोणी पैसे देत नाही, ते स्कॅन कुठल्या आजारासाठी आणि कुठल्या ट्रीटमेंटच्या आगेमागे झालं त्यावर सगळं ठरतं.

प्रश्न : ताई नमस्कार, माझा मुलगा १९ वर्षांचा, इंजिनीअरिंगला आहे. चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय, सिलिंड्रिकल वाढतच चाललाय. डॉक्टरांनी टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराचं स्कॅन) करून केराटोकोनस सांगितलं, सहा महिन्यांनी परत स्कॅन केलं तर वाढलंय म्हणाले, आता उजव्या डोळ्याचं सी-थ्री-आर करायचंय. दोन्ही स्कॅन खिशातून केले. विमा कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला स्कॅन ओपीडीत येतं आणि सी-थ्री-आर म्हणजे नंबर घालवायचं ऑपरेशन, काहीच मिळणार नाही. खरंय का हे? (एक आई, कोथरूड)

उत्तर : अहो, फोनवरच्या माणसाचं ऐकून गप्प बसू नका. स्कॅनबद्दल तो थोडाफार बरोबर बोलला पण सी-थ्री-आरबद्दल साफ चुकीचं बोलला, आणि फोनवरच्या बोलण्याला तसाही काही अर्थ नसतो, जे काय आहे ते लेखी मागायचं.

आधी सी-थ्री-आरचं बघू. आपल्याकडच्या पॉलिसींमध्ये न मिळणाऱ्या गोष्टींची जी ठरलेली यादी असते, जी इर्डाने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी सारखी करून दिली, त्यात १५ नंबरला असं आहे की साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्यासाठी केलेल्या ट्रीटमेंटचे पैसे मिळणार नाहीत. हे कलम लेसिकसाठी, म्हणजे लेझरने चष्म्याचा नंबर घालवायच्या ऑपरेशनसाठी आहे. तुमच्या मुलाला नंबर हा आजार नाहीये, त्याचा कॉर्निया पातळ होऊन पुढे कोनासारखा यायला लागलाय आणि त्यामुळे नंबर बदलतोय. सी-थ्री-आरमध्ये डोळ्यात साधारण अर्धा तास रायबोफ्लेविनचे थेंब घालतात, मग अल्ट्राव्हायलेट प्रकाश देतात, त्याने कॉर्निया घट्ट होतो आणि आजार पुढे सरकायचा थांबतो. त्यानंतरही मुलाला चष्मा किंवा लेन्स लागणारच आहे, म्हणजे नंबर घालवायचा इथे प्रश्नच कुठे येतो? हेच वाक्य डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या, की ही ट्रीटमेंट आजार थांबवण्यासाठी आहे, नंबर कमी करण्यासाठी नाही, आणि सहा महिन्यांत दोन स्कॅनमध्ये किती फरक पडला तो आकड्यांत लिहायला सांगा. कोणी म्हटलं की हे प्रायोगिक आहे (तसंही एक कलम आहे, १६ नंबरचं) तर सांगायचं की जर्मनीत ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी ह्याचे पहिले निकाल २००३ मध्ये छापले आणि अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये ह्याला मान्यता दिली, आता ह्यात प्रायोगिक काही उरलेलं नाही.

आता कागदाकडे या, कारण फाइली इथेच अडकतात. डिस्चार्ज कार्डावर आणि क्लेम फॉर्मवर आजाराचा एक कोड असतो. केराटोकोनसचा एच १८.६ आहे. घाईत कोणी ‘मायोपिक अ‍ॅस्टिग्मॅटिझम’ एवढंच लिहिलं तर कोड पडतो एच ५२ मधला, म्हणजे चष्म्याच्या नंबरचा, आणि विमा कंपनीत बसलेला माणूस एच ५२ दिसला की १५ नंबरचं कलम लावून मोकळा होतो. डोळा तोच, स्कॅन तेच, पण एका ओळीमुळे क्लेम जातो. म्हणून ऑपरेशनच्या आधीच केस पेपर, स्कॅनचा रिपोर्ट आणि अ‍ॅडमिशनचा कागद शेजारी शेजारी ठेवून बघा, तिन्हीवर केराटोकोनस लिहिलंय ना, मुलाचं नाव पॉलिसीवर आहे तसंच आहे ना, आणि डोळा तोच आहे ना. रिपोर्टवर ओडी म्हणजे उजवा, ओएस म्हणजे डावा, ओयू म्हणजे दोन्ही. स्कॅनच्या बिलावर ओएस आणि ऑपरेशन ओडी असं असेल तर क्वेरी येणारच.

स्कॅनच्या पैशांचं असं आहे की पॉलिसीत प्री-हॉस्पिटलायझेशन नावाचा भाग असतो, अ‍ॅडमिट व्हायच्या आधीचे ३० दिवस, काही पॉलिसींत ६०, त्या काळात त्याच आजारासाठी केलेल्या तपासण्यांचे पैसे मिळतात, अट एवढीच की मुख्य क्लेम पास झाला पाहिजे. म्हणजे तुमचं पहिलं स्कॅन गेलं, ते सहा महिने जुनं आहे. दुसरं मात्र हातात आहे. तारीख बघा आणि ३० दिवस उलटायच्या आत ऑपरेशन होतंय का ते डॉक्टरांना विचारा, आजार वाढतोय म्हटल्यावर तसंही लांबवण्यात काही हशील नाही. ऑपरेशननंतर साधारण महिन्याने जे स्कॅन होतं ते पोस्ट-हॉस्पिटलायझेशनच्या, म्हणजे डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांत बसतं, तीन आणि सहा महिन्यांनी जे होतात ते बहुतेक पॉलिसींत बाहेर जातात.

अजून एक, आणि हे फार लोकांचं राहून जातं. कॅशलेस झालं म्हणजे फक्त हॉस्पिटलचं बिल भागलं. आधीच्या आणि नंतरच्या तपासण्यांची बिलं आपण वेगळी, रीइम्बर्समेंटने (आधी खर्च करून मागाहून पैसे मागायचे) लावायची असतात आणि त्याला मुदत असते. उदाहरणार्थ आरोग्य संजीवनी पॉलिसीत आधीच्या बिलांना डिस्चार्जपासून ३० दिवस, आणि नंतरच्या बिलांना तो पोस्टचा काळ संपल्यावर १५ दिवस. तुमच्या पॉलिसीत वेगळी असेल तर ती बघा, पण बघा. सोबत स्कॅन करायला सांगितल्याची डॉक्टरांची चिठ्ठी लागते, स्कॅनच्या तारखेच्या आधीची किंवा त्याच दिवसाची, बिल लागतं, पैसे भरल्याची पावती लागते आणि तो रंगीत प्रिंटआउट.

आणि सी-थ्री-आर कंपनीच्या डे-केअरच्या (त्याच दिवशी घरी सोडतात अशा ट्रीटमेंटच्या) यादीत आहे का ते आधी ईमेलवर विचारून घ्या. थेंबाची भूल देऊन करतात म्हणून काही कंपन्या त्याला ओपीडी म्हणायला बघतात, तेव्हा अ‍ॅडमिशनची वेळ, ओटी नोट्स, डिस्चार्ज कार्ड हे सगळं व्यवस्थित असलेल्या हॉस्पिटलातच करा. शेवटचं म्हणजे मुलाला डोळे चोळू देऊ नका, अ‍ॅलर्जी असेल तर तिची ट्रीटमेंट घ्या, चोळण्याने हा आजार वाढतो.

प्रश्न : ताई, मी हिंजवडीला आयटीत आहे, नंबर मायनस साडेचार, लेसिक करायचंय. त्याआधी पेंटाकॅम स्कॅन सांगितलंय. कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, निदान स्कॅनचे पैसे तरी मिळतील का? (२७ वर्षं, वाकड)

उत्तर : नाही रे, साडेसातच्या आतला नंबर असल्यामुळे लेसिकच बसत नाही आणि मुख्य ट्रीटमेंट बसत नाही म्हटल्यावर तिच्या आधीचं स्कॅनही बसत नाही. काही कंपन्या ग्रुप पॉलिसीत ओपीडीसाठी वेगळी रक्कम देतात, तेवढं एचआरकडून पॉलिसीची प्रत मागवून बघ, तोंडी विचारू नकोस.

पण पैसे मिळत नाहीत म्हणून स्कॅन टाळून कोणी स्वस्तात लेसिक करून देतो म्हणाला तर तिथून उठून ये. हे स्कॅन काय करतं माहितीय का, तू हनुवटी टेकवतोस, कपाळ पट्टीला लावतोस, निळ्या प्रकाशाकडे बघतोस आणि कॅमेरा गोल फिरून कॉर्नियाच्या पुढच्या मागच्या दोन्ही बाजू आणि जाडी मोजतो. मधली जाडी साधारण ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. प्रिंटवर लाल-केशरी म्हणजे जास्त उभार, निळं म्हणजे सपाट. खालच्या बाजूला लाल ठिपका आणि तिथेच जाडी कमी असं दिसलं तर तो लपलेला केराटोकोनस असू शकतो आणि अशा डोळ्यावर लेसिक केलं तर कॉर्निया आणखी कमजोर होतो, मग आयुष्यभराचा त्रास. आणि समज तसं निघालंच, तर वर कोथरूडच्या ताईंना जे लिहिलंय ते सगळं तुला लागू होतं, कारण मग तो नंबर राहत नाही, आजार होतो.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असशील तर स्कॅनच्या आधी सॉफ्ट लेन्स काही दिवस आणि हार्ड लेन्स त्याहून जास्त दिवस बंद ठेवावी लागते, किती ते सेंटरला विचारून घे. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो, नकाशा चुकीचा येतो आणि परत पैसे भरून स्कॅन करावं लागतं.

प्रश्न : माझी पत्नी ६८ वर्षांची आहे. डोळे कोरडे पडतात, खुपतात, सकाळी चिकटतात. एका ठिकाणी मायबोग्राफी आणि अश्रूंच्या थराचं इमेजिंग असं पॅकेज सांगितलं. आमच्याकडे मेडिक्लेम नाही, ह्या वयात घ्यावा का ह्यासाठी? (निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ)

उत्तर : काका, ह्यासाठी म्हणून घेऊ नका. कोरड्या डोळ्याची तपासणी आणि ट्रीटमेंट जवळजवळ सगळी ओपीडीत होते, थेंब, गरम शेक, पापण्यांची स्वच्छता, त्यामुळे साध्या मेडिक्लेममध्ये ती बसत नाही. ओपीडीचं रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर, घेता येतं पण त्याचा जास्तीचा हप्ता आणि वर्षाला मिळणारी कमाल रक्कम ह्या दोन्ही आकड्यांची वजाबाकी करून बघा, बऱ्याचदा फार काही उरत नाही. मेडिक्लेम घ्यायचाच तर मोठ्या आजारपणासाठी घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटीही लागत नाही.

आता पॅकेजबद्दल. मायबोग्राफीत पापणी उलटी करून इन्फ्रारेड कॅमेऱ्याने आतल्या तेलाच्या ग्रंथींचा फोटो काढतात, ग्रंथी किती शिल्लक आहेत ते दिसतं. उपयोगी आहे, नाही असं नाही. पण त्याच्या आधी दोन साध्या गोष्टी झाल्यात का ते विचारा. एक शर्मर टेस्ट, पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात आणि किती मिलिमीटर ओली झाली ते बघतात, आणि दुसरी, डोळ्यात पिवळा रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदात फाटतो ते मोजतात, दहा सेकंदांच्या आत फाटला तर थर टिकत नाहीये असं समजायचं. ह्या दोन्हींना फार खर्च येत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा की फोटो काढल्यावर ट्रीटमेंट बदलणार आहे का, बदलणार असेल तर जरूर काढा.

पैशांचा एक मार्ग मात्र तुम्हाला आहे. ज्येष्ठ नागरिकाच्या नावावर हेल्थ पॉलिसी नसेल तर जुन्या कर पद्धतीत त्यांच्या औषधपाण्याचा खर्च वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत उत्पन्नातून वजा करता येतो, ८०डी म्हणून सगळ्यांना माहितीय तेच ते, आणि त्यात ओपीडीचा खर्चही चालतो. रोख भरू नका एवढं पाळा, कार्डने किंवा यूपीआयने भरा आणि बिलं वर्षभर एका फाइलला लावत जा. नवीन कर पद्धतीत हे मिळत नाही.

प्रश्न : मी २०२३ च्या शेवटी टोपोग्राफी केली होती, डॉक्टर म्हणाले संशयास्पद आहे, लक्ष ठेवा. आता पॉलिसी घेतोय. एजंट म्हणतो फॉर्मवर लिहू नका, कोणाला कळणार आहे. काय करू? (हडपसर)

उत्तर : लिहा. एजंटचं ऐकू नका, क्लेम नाकारला जाईल तेव्हा तो तुमच्या शेजारी उभा राहणार नाही. स्कॅनच्या मशीनमध्ये तुमचं नाव आणि तारीख साठवलेली असते, आणि पुढचं स्कॅन काढतील तेव्हा डॉक्टर जुन्याशी तुलना करणारच, ती तुलना रिपोर्टवर येणार, आणि तो रिपोर्ट तुम्ही स्वतःच क्लेमला जोडणार. मग कंपनी नुसता क्लेम नाकारून थांबत नाही, माहिती लपवली म्हणून पॉलिसीच रद्द करू शकते.

खरं सांगितलं तर काय होतं? पॉलिसी घ्यायच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला किंवा ट्रीटमेंट सांगितलेला आजार हा आधीपासूनचा धरतात आणि त्याला जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, २०२४ पर्यंत हे ४८ महिने होतं. काही कंपन्या कमी ठेवतात किंवा जास्तीचा हप्ता घेऊन कमी करून देतात. तुमच्याकडे ‘संशयास्पद’ एवढंच आहे, पक्कं निदान नाही, तर तेवढंच लिहा, जुना रिपोर्ट जोडा आणि जोडल्याची पोच घ्या. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांचा फ्री-लूक असतो, त्या दिवसांत बारीक अक्षरातली पानं वाचा, पटलं नाही तर परत करा.

प्रश्न : भोसरीत कंपनीत ग्राइंडिंगला आहे, कामावर असताना डोळ्यात कण उडाला, काढला पण बुबुळावर डाग राहिलाय. डॉक्टर म्हणतात डागाची खोली बघायला ओसीटी स्कॅन करा. ईएसआय (कामगार विमा) कापतात पगारातून. (२ प्रश्न विचारतो, पैसे मिळतील का आणि कुठे जाऊ)

उत्तर : दादा, तुम्ही मेडिक्लेमवाल्यांपेक्षा बऱ्या जागी आहात. ईएसआयमध्ये ओपीडी, तपासण्या, ऑपरेशन सगळं येतं, घरच्यांचंही. बाहेर स्वतःच्या पैशाने स्कॅन करून मग बिल लावत बसू नका, आधी तुमच्या ईएसआय दवाखान्यात जा, तिथून चिंचवड मोहननगरच्या किंवा बिबवेवाडीच्या ईएसआय हॉस्पिटलला पाठवतात आणि तिथे सोय नसेल तर तेच बाहेर रेफर करतात. आणि कंपनीकडून अपघाताचा रिपोर्ट ईएसआयला गेलाय का ते आजच विचारा, कामावरची इजा म्हणून नोंद झाली तरच पुढे नजर कमी राहिली तर त्याची भरपाई मागता येते. नोंद नसेल तर ह्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या, प्रत स्वतःकडे ठेवा. आणि सेफ्टीचा चष्मा घालूनच मशीनवर उभे राहा.

प्रश्न : वडील ७४, आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय. मोतीबिंदूच्या आधी कॉर्नियाचं स्कॅन सांगितलंय, कार्डावर होईल? (येरवडा)

उत्तर : हे सत्तरीच्या पुढच्यांचं सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड आहे. त्यावर नुसती ओपीडी तपासणी होत नाही, पण ऑपरेशन कार्डावर होणार असेल तर अ‍ॅडमिशनच्या आधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस त्यातच येतात. म्हणून योजनेत असलेलं हॉस्पिटल आधी ठरवा आणि तपासण्या तिथेच, ऑपरेशनला लागून करून घ्या. आठवडाभर आधी बाहेरच्या सेंटरवर केलं तर ते पैसे सुटत नाहीत.

प्रश्न : पत्नीच्या डोळ्यात मांस वाढलं होतं, ऑपरेशन झालं, त्याचे पैसे मिळाले. पण आधी केलेलं डोळ्याच्या पुढच्या भागाचं ओसीटी आणि फोटो, ह्याचं बिल ‘निव्वळ तपासणी’ म्हणून नाकारलं. २,८०० रुपयेच आहेत, सोडून द्यावं का? (बिबवेवाडी)

उत्तर : सोडू नका. मुख्य क्लेम पास केला म्हणजे आजार मान्य केला, आणि तपासणी ३० दिवसांच्या आतली असेल, त्याच डोळ्याची असेल, तर ती नाकारायला आधार उरत नाही. ते जे कलम दाखवतात ते वर सांगितलेल्या इर्डाच्या यादीतलं ४ नंबरचं, ते नीट वाचा. त्यात नुसत्या तपासणीसाठी अ‍ॅडमिट झालेल्यांना पैसे नाहीत असं आहे, आणि चालू आजाराशी संबंध नसलेल्या तपासण्यांना नाहीत असं आहे. तुमच्या तपासणीचा संबंध तर सरळसरळ आहे, मांस कॉर्नियावर किती आणि किती खोल आलंय ते बघूनच ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांकडून तशी दोन ओळींची चिठ्ठी घ्या.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, पॉलिसी नंबर, क्लेम नंबर, कलम आणि चिठ्ठी. त्यातच विचारा की हा नकार क्लेम रिव्ह्यू कमिटीने मंजूर केलाय का, कारण २०२४ च्या इर्डाच्या परिपत्रकाप्रमाणे कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि कारण देताना पॉलिसीतली नेमकी अट दाखवावी लागते. शिवाय इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका किंवा १५५२५५ ला फोन करा. बऱ्याच छोट्या रकमा इथेच सुटतात.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं ऑफिस पुण्यातच आहे, नारायण पेठेत न. चिं. केळकर रोडवर. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार घेतात, त्यामुळे २,८०० ची पण घेतात. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, ऑनलाइनही होतो. सोबत नकाराचं पत्र, तुमचे ईमेल, स्कॅनचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड जोडा. सुनावणीला बोलावलं तर पत्नीच्या डोळ्याचे आधीचे आणि नंतरचे दोन्ही फोटो घेऊन जा, आणि निकाल तुमच्या बाजूने लागला की कंपनीला तो ३० दिवसांत पाळावा लागतो.